पिंजऱ्याविना लेअर फार्म: खानदेशातली शेड कायद्यात कशी बसवायची आणि मे महिन्यात कशी टिकवायची

सर्वात आधी एक गैरसमज काढून टाकू. लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच्या, कोंबड्या पिंजऱ्याविनाच पाळा, अशी सक्ती भारतात कुठल्याही कायद्याने केलेली नाही. कायदा पिंजऱ्याचे माप ठरवतो, कोंबडीला वागवायचे कसे ते सांगतो, आणि ट्रेवर ‘केज-फ्री’ (पिंजऱ्याविना) छापले की ते खरे असलेच पाहिजे असे म्हणतो. नवापूरपासून रावेरपर्यंत नव्याने या पद्धतीकडे वळणारे बहुतेकजण पहिल्या दोन गोष्टींची चौकशी करतात. अडकतात मात्र तिसरीत.

कारण आकड्यांतच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळची शिक्षा दहा ते पन्नास रुपये दंड. पन्नास रुपयांत आज दोन वेळचा चहा-नाश्ता होत नाही. उलट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्याच खेपेला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्येही फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंतच दंड आहे. म्हणजे कोंबडी पिंजऱ्यात ठेवण्यापेक्षा पिंजऱ्यातले अंडे मोकळ्या कोंबडीचे म्हणून विकणे कितीतरी महाग पडते.

कोणता नियम कशासाठी

भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१२ मध्ये राज्यांना कळवले होते की बॅटरी पिंजरा (ओळीने लावलेले अरुंद जाळीचे पिंजरे) कलम ११ च्या विरोधात जातो. २०१७ मध्ये विधी आयोगाने २६९ व्या अहवालात हाच विषय घेतला. शेवटी २०२३ मध्ये अंड्यांवरील कोंबड्यांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आले, आणि त्यांनी पिंजरा बंद केला नाही. एका पिंजऱ्यात सहा ते आठ कोंबड्या आणि प्रत्येकीला किमान ५५० चौरस सेंटीमीटर जागा, असे माप घालून दिले. ५५० म्हणजे किती, तर छपाईचा ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटीमीटरचा असतो. त्यापेक्षाही लहान तुकड्यावर कोंबडीने उभे राहायचे. मेलेल्या कोंबड्यांचे अवशेष खाद्यात घालायला याच नियमांत बंदी आहे, आणि प्रतिजैविके फक्त उपचारासाठी, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली द्यायची आहेत. या दोन्ही गोष्टी तुमची कोंबडी पिंजऱ्यात असो वा गादीवर (जमिनीवर पसरलेल्या तूस-भुशाच्या थरावर), पाळायच्याच. कोलिस्टिन हे औषध तर २०१९ पासून खाद्यप्राण्यांसाठी बंदच आहे. जुन्या सवयीने कुणी खाद्यात मिसळून देत असेल तर ती पिशवी परत करा.

मग मोकळ्या शेडचे माप कुठून घ्यायचे? मोठी हॉटेले आणि बेकरी उद्योग ‘केज-फ्री’ अंडी मागतात तेव्हा त्यांच्या करारातले आकडे बहुतेक वेळा युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशावरून आलेले असतात. तिथे साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद आहेत. आपल्याकडे तो कायदा लागू नाही, पण करारात लिहिला गेला की तुमच्यापुरता तो कायद्याइतकाच बांधील. म्हणून पहिली पायरी विटा मागवण्याची नाही. खरेदीदाराकडून मापे लेखी घ्या, मराठीत समजून घ्या आणि मग आराखडा काढा. खाली १,००० कोंबड्यांचा हिशेब युरोपीय मापावर मांडला आहे आणि खानदेशच्या उन्हासाठी तो सैल केला आहे.

जागा आणि कागद

पक्षी ५,००० च्या वर जाणार असतील तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना लागू होतात. वस्तीपासून ५०० मीटर आणि नदी, तलाव, कालवा, पिण्याच्या पाण्याची विहीर यांपासून १०० मीटर अंतर ठेवायचे असते. तापीकाठच्या केळीपट्ट्यात ही दुसरी अट फार जागा खाते. शेताच्या एका बांधाला कालव्याची चारी आणि दुसऱ्या बांधाला विहीर असली की मधे शेड बसतच नाही. म्हणून टेप आधी धरा, खोदाई नंतर. आपला फार्म कोणत्या गटात येतो आणि संमतीपत्र लागते का, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाकडून लेखीच घ्यावे. तोंडी ‘काही लागत नाही’ हे उत्तर शेजाऱ्याची तक्रार आली की उपयोगी पडत नाही.

पक्षी कमी असले तरी सातबारा, आठ-अ, ग्रामपंचायतीचे ना हरकत, वीज जोडणीचा कागद आणि पशुसंवर्धन विभागाकडची नोंद एका फायलीत ठेवा. बँक आणि खरेदीदार दोघेही तीच फाईल मागतात.

१,००० कोंबड्यांची शेड: २५ बाय ८०

युरोपीय माप एका चौरस मीटरला नऊ कोंबड्या, म्हणजे प्रत्येकीला सुमारे १.२ चौरस फूट. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तिथे हे माप कागदावर चालेल, मे महिन्यात चालणार नाही. गर्दीतली कोंबडी अंगाची उष्णता टाकूच शकत नाही. इथे दोन चौरस फूट धरावे: १,००० कोंबड्यांना २,००० चौरस फूट, म्हणजे २५ फूट रुंद आणि ८० फूट लांब. रुंदी तीस फुटांवर नेऊ नका, मधल्या भागात वारा पोचत नाही. लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे दुपारचे ऊन लांब बाजूतून थेट आत येत नाही. बाजूची भिंत दीड फूट, त्यावर जाळी. जाळीचा खालचा तीन फुटांचा पट्टा अर्ध्या इंची घ्या. मुंगूस आणि साप एक इंची जाळीला जुमानत नाहीत.

पत्र्याचा छज्जा चार फूट बाहेर काढावा. केळीपट्ट्यात मे-जूनच्या वादळात बागा आडव्या होतात. त्याच वाऱ्यात पत्रेही उडतात, म्हणून प्रत्येक पत्रा हुकबोल्टने आवळा आणि छज्ज्याच्या टोकाला आडवा पाइप जोडून घ्या. नुसते वर दगड ठेवून भागत नाही.

आता आतली मांडणी. इथेच बरेच फार्म खरेदीदाराच्या तपासणीत नापास होतात.

*बसायच्या दांड्या.* प्रत्येक कोंबडीला १५ सेंटीमीटर, म्हणजे १,००० कोंबड्यांना १५० मीटर दांडी. दोन दांड्यांत आडवे अंतर किमान ३० सेंटीमीटर, दांडी आणि भिंत यांत २०. आणि अट अशी की दांड्या गादीच्या वर लावायच्या नाहीत. कारण साधे आहे: कोंबडी रात्रभर दांडीवर बसून विष्ठा टाकते, तेवढी गादी दोन आठवड्यांत चिखल होते. म्हणून दक्षिणेच्या बाजूला ८० फूट लांब, ७ फूट रुंद, दोन फूट उंच असा बांबूच्या पट्ट्यांचा मचाण करावा. पट्ट्यांत एक इंचाची फट ठेवा आणि वर सात ओळी दांड्या. ८० फुटांच्या सात ओळी म्हणजे सुमारे १७० मीटर. मागणीपेक्षा वीस मीटर जास्त निघतात, तेवढे राखीव बरे. दांडी दीड-दोन इंच जाडीची, कडा घासून गोल केलेली. धारदार कडेने पायाला गाठी येतात आणि लंगडी कोंबडी खाद्यापर्यंत जात नाही.

*अंडी घालायच्या पेट्या.* युरोपीय मापाने सात कोंबड्यांना एक, म्हणजे १,००० ला किमान १४३ पेट्या, एक फूट बाय एक फूट. त्या लांब भिंतीला लावल्या तर वारा अडतो. त्याऐवजी दोन्ही टोकांच्या बंद भिंतींना दोन मजली लावा: मचाण आणि दार सोडून १४ फूट उरतात, म्हणजे दोन्ही टोकांना मिळून ५६. उरलेल्यांसाठी शेडच्या मधे रुंदीच्या दिशेने, पाठीला पाठ लावलेल्या पंधरा फुटांच्या दोन दुहेरी, दुमजली रांगा, त्यांत १२०. एकूण १७६ होतात आणि वारा मोकळा राहतो. पेट्यांचा तळ जमिनीपासून दीड फूट उंच ठेवा. याचे दोन फायदे. कोंबडीला उडी घेऊन बसायला बरे पडते, आणि पेटीखाली ४५ सेंटीमीटर मोकळी उंची राहिल्याने तेवढी जमीन वापरायच्या जागेत मोजली जाते. पेटीच्या आतली जागा कधीच मोजली जात नाही. तपासनीस हीच वजाबाकी करतो आणि काठावर कोंबड्या भरलेला फार्म एका फटक्यात जास्त गर्दीचा ठरतो.

*खाद्य-पाणी.* गोल भांड्याला कोंबडीमागे ४ सेंटीमीटर कड, लांब भांड्याला १०. सोळा इंची गोल भांड्याला ३१ कोंबड्या बसतात, पण उन्हाळ्यात सगळ्या एकदम पहाटे खायला येतात, म्हणून पंचवीसला एक धरून ४० भांडी टांगा. निपल (चोच लावली की पाणी देणारी तोटी) दहाला एक चालते. इथे आठला एक, म्हणजे १२५ लावा. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा. खाली ठेवले की खाद्य गादीत उडते आणि दिवसाला ११५ किलो खाद्यातला मोठा भाग पायाखाली जातो.

पिंजऱ्याची जुनी शेड मोकळी करणाऱ्यांनी एक मोजणी नक्की करावी. २५ बाय २०० फुटांच्या तिमजली पिंजऱ्याच्या शेडमधून पिंजरे काढले की तीच कोंबडी तेवढ्याच संख्येने तिथे राहणार नाही. ५,००० चौरस फूट जमिनीवर दीड चौरस फुटानेही ३,३०० च्याच आसपास पक्षी बसतात. मजले हवेच असतील तर चारपेक्षा जास्त नकोत, प्रत्येक दोन मजल्यांत ४५ सेंटीमीटर मोकळी उंची हवी आणि वरची विष्ठा खालच्या मजल्यावर पडता कामा नये.

गादी

मचाण वजा जाता १,४४० चौरस फुटांवर चार इंच थर, म्हणजे भाताचा तूस सुमारे दीड टन. नवापूर-नंदुरबारकडे तूस सहज मिळतो. जळगावकडे भुईमुगाची टरफले किंवा बारीक केलेली पऱ्हाटी चालते. केळीचा पाला अजिबात नको. तो कोरडा वाटतो, पण पाणी धरतो आणि बुरशी येते.

गादी बरोबर आहे की नाही हे मुठीत कळते. मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओली आहे. नुसती धूळ उडाली तर फार कोरडी आहे, डोळ्यांना त्रास देते. गोळा होऊन हलकेच फुटला पाहिजे. दुसरी कसोटी नाकाची: उकिडवे बसा, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला दोन मिनिटे थांबा. डोळे चुरचुरले तर अमोनिया वाढला आहे. उभे राहून हे कधीच कळत नाही, म्हणून मालक ‘वास नाही’ म्हणतो आणि कोंबडी शिंकत असते.

पावसाळ्यात गादी आठवड्यातून दोनदा पंजाने उलथा. निपलखालची ओली वर्तुळे रोज काढून तिथे सुका तूस टाका. रक्ती हगवण नेमकी अशाच ओल्या वर्तुळांतून पसरते. पडदा खालून घट्ट बांधून वरून उघडणारा ठेवा, आणि मुसळधार असली तरी वरचा एक फूट मोकळा सोडा. चारी बाजू गच्च बंद करणे हा आषाढात घडणारा नेहमीचा गुन्हा.

एप्रिल ते जून

खानदेशचा उन्हाळा कोरडा असतो, हे इथे पथ्यावर पडते. ओल्या गोणपाटाचे पडदे आणि फॉगर (पाण्याचे बारीक तुषार सोडणारी नळी) दुपारी चांगले काम करतात, कारण कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते. पण मृगाचे ढग आले आणि हवा दमट झाली की तेच फॉगर घात करतात. पाणी उडत नाही, कोंबडी ओली होते आणि धापा टाकून मरते. पहिला मोठा पाऊस झाला की फॉगर बंद, पंखे सुरू.

पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारा आणि त्यावर उसाचे पाचट किंवा पऱ्हाटीचा थर पसरून दोरीने आवळा. खाद्य पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचनंतर द्या. सकाळी दहा ते दुपारी चार भांडी वर उचलून ठेवा, कारण खाद्य पचताना अंगात उष्णता तयार होते. पाणी मात्र क्षणभरही बंद नको. एरवी १,००० कोंबड्यांना अडीचशे ते तीनशे लिटर पुरते, मे महिन्यात पाचशेपर्यंत जाते. टाकी झाडाखाली आणि पाइप जमिनीत. काळा पाइप उन्हात पडला असेल तर दुपारी निपलमधून निघणारे पाणी हाताला भाजते आणि कोंबडी ते पीत नाही. दुपारी बारा आणि दोनला पाइपमधले गरम पाणी बाहेर सोडून द्या. एवढी एकच गोष्ट पाळली तरी मर कमी व्हायला मदत होते.

उजेड, पेट्यांची सवय आणि जमिनीवरची अंडी

युरोपीय मापात दिवसाचा साधारण एक तृतीयांश भाग सलग अंधार हवा, म्हणजे दिवे सोळा तासांच्या पुढे नकोत. पहाटे पाच ते रात्री नऊ हे गणित जमते. दिवे एकदम विझवू नका. आधी अर्धे घालवा, वीस मिनिटांनी उरलेले, म्हणजे कोंबड्यांना दांडीवर चढायला वेळ मिळतो.

पेट्या सोळाव्या आठवड्यातच उघडा, पहिले अंडे यायच्या आधी. उशीर झाला की कोंबडी अंधारा कोपरा निवडते आणि मग सवय मोडत नाही. पहिले महिनाभर जमिनीवरची अंडी तासातासाला उचला. एक अंडे पडून राहिले की दुसरी तिथेच बसते. कोपऱ्यात तिरकी फळी ठोका, जिथे सावली जास्त तिथे छोटा दिवा लावा.

पिसे उपटणे सुरू झाले तर आधी गर्दी, प्रखर उजेड आणि खाद्यातले मीठ-प्रथिन तपासा. रक्त आलेली कोंबडी त्याच तासाला वेगळी करा.

बाहेर सोडायची की नाही

पिंजऱ्याविना म्हणजे बाहेर मोकळी, असे नाही. शेडमध्ये गादीवर फिरणारी कोंबडीही पिंजऱ्याविनाच. मोकळ्या कुरणाचा दावा करायचा असेल तर युरोपीय माप वेगळे: कोंबडीमागे ४ चौरस मीटर जमीन, आणि बाहेर जायच्या दारांची एकूण रुंदी १,००० कोंबड्यांना दोन मीटर, प्रत्येक दार किमान ३५ सेंटीमीटर उंच, ४० रुंद.

खानदेशात यावर दोनदा विचार करावा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही आला आणि २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या फुगवट्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात. त्या भागात थंडीत कोंबड्या बाहेर सोडणे आणि उघड्या हौदातले पाणी देणे टाळलेलेच बरे.

मर अचानक वाढून रोगाची शंका आली तर ग्रामपंचायतीला कळवणे ही २००९ च्या संसर्गजन्य रोग कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यालाही लगेच कळवा. लपवण्यात तोटाच. सरकार नुकसानभरपाई देते ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. आणि किती पक्षी होते हे सिद्ध करायला रोजची वही लागते: पक्षी, मर, खाद्याचे किलो, पेटीतली अंडी, जमिनीवरची अंडी, लस आणि तिचा बॅच क्रमांक, दिलेले औषध, दुपारचे तापमान.

मेलेली कोंबडी नाल्यात किंवा केळीच्या खोडाशी टाकू नका. झाकण असलेला खड्डा घ्या, विहिरीपासून दूर, प्रत्येक थरावर चुना.

ट्रेवर काय छापायचे

सुटी अंडी व्यापाऱ्याला घातली तर प्रश्न येत नाही. स्वतःच्या नावाने सहा-दहाची खोकी बांधली की अन्न परवाना किंवा नोंदणी लागते, आणि खोक्यावर नाव-पत्ता, नग, पॅकिंगची तारीख, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. ‘केज-फ्री’ लिहायचे तर तेवढेच लिहा. ‘कुरणातली’, ‘औषधमुक्त’, ‘देशी’ हे प्रत्येकी वेगळे दावे आहेत आणि प्रत्येकाला वहीत पुरावा लागतो. सणासुदीला माल कमी पडला म्हणून शेजारच्या पिंजऱ्याच्या फार्मवरचे चार ट्रे आपल्या खोक्यात भरले, तर पन्नास रुपये दंडाचे कलम तुमच्या कामाला येणार नाही. ते १० लाखांचे प्रकरण होते. माल कमी असेल त्या दिवशी खोकी कमी पाठवा आणि गिऱ्हाइकाला फोन करा.